सांगलीला पुन्हा प्राणिसंग्रहालय हवे का? पेशवे पार्क, कात्रज आणि आपल्या गावाचा प्रश्न

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीच्या बैठकीत एक निवेदन फिरत होते. सांगलीत पूर्वीसारखे प्राणिसंग्रहालय पुन्हा सुरू करावे, अशी त्यात मागणी होती. इतरांबरोबर मीही सही केली. घरी परतल्यावर मात्र ती सही मनाला टोचू लागली. ती आपण प्राण्यांसाठी केली की आपल्या लहानपणासाठी, याचे उत्तर मला देता येईना. म्हणून हा धागा काढत आहे.

माझे लहानपण या विषयात कसे अडकले आहे, ते आधी सांगतो. १९७८ साली मी चौथीत होतो. शाळेची सहल एसटीने पुण्याला गेली. त्या काळी सांगलीहून पुण्याला जाणाऱ्या सहलीचा क्रम ठरलेलाच असे: शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग आणि शेवटी पेशवे पार्क, म्हणजे तिथले तेव्हाचे प्राणिसंग्रहालय. आधीची तिन्ही ठिकाणे आम्ही पेशवे पार्कच्या ओढीनेच पार पाडली. फुलराणी या छोट्या आगगाडीत बसलो, भडंगाच्या पुड्या सोडल्या आणि वाघाच्या पिंजऱ्यापुढे येऊन थांबलो. वाघ पिंजऱ्याच्या एका कडेने दुसऱ्या कडेपर्यंत जाई, त्याच जागी वळे आणि त्याच वाटेने परत येई. आम्ही पाऊण तास उभे होतो आणि तो पाऊण तास त्याने तेवढेच केले. वाघ व्यायाम करतो आहे, असे गुरुजींनी सांगितले आणि आम्हाला ते पटले. कोंडलेल्या प्राण्याच्या मनावर ताण आला की तो अशा एकसारख्या फेऱ्या घालू लागतो, हे मी पुढे तीस वर्षांनी वाचले. गुरुजींना दोष देण्याचे काही कारण नाही. त्या काळात ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती.

पुण्याच्या प्राणिसंग्रहालयाचा इतिहास मी या निमित्ताने पुन्हा चाळला. त्याचे मूळ पेशवाईत आहे. सवाई माधवरावांना प्राण्यांची आवड होती आणि पर्वतीच्या पायथ्याशी त्यांचा शिकारखाना होता. त्यात वाघ, सिंह, गेंडा, हरणे असे प्राणी राखलेले असत. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने तिथली शिकवलेली काळविटे पाहिली आणि संगीताच्या साथीने ती कशी वागत, याचे वर्णन लिहून ठेवले. हा शिकारखाना दरबाराचा होता. गावातल्या माणसाला तो पाहायला मिळालाच, तर ती धन्यांची मर्जी.

पेशवाई गेली आणि शिकारखानाही गेला. त्यानंतर १९५३ साली पुणे महापालिकेने त्याच परिसरात, सारसबागेला लागून, पेशवे पार्क उभारले. माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच आहे. पूर्वी जे धन्यांच्या मर्जीने दिसे, ते आता चार-आठ आण्यांच्या तिकिटावर कोणालाही पाहता येऊ लागले. १९५६ साली फुलराणी सुरू झाली आणि पार्क मुलांचेच होऊन गेले. सदाशिव पेठेतली आजी नातवाला घेऊन चालत तिथे जाऊ शकत असे. आसपासच्या वाड्यांतली माणसे रात्री अंथरुणात पडल्या पडल्या डरकाळी ऐकत आणि 'आज वाघ बेचैन दिसतोय' असे एकमेकांना सांगत.

पार्क गावाच्या मधोमध होते म्हणूनच ते गावाचे झाले. पण मधोमध असल्यामुळेच ते प्राण्यांसाठी अपुरे होते. जेमतेम सात एकरांची जागा, चारही बाजूंनी वाहती रहदारी आणि विस्ताराला एक फूटही वाव नाही. शेवटी कात्रजला सुमारे १३० एकर जागेवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय उभे राहिले. ते १९९९ मध्ये खुले झाले आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत पेशवे पार्कातले प्राणी टप्प्याटप्प्याने तिकडे हलवण्यात आले. त्या १३० एकरांपैकी ४२ एकर एकट्या तलावाचे आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात ज्या कात्रजहून नळाने शनिवारवाड्याला पाणी आणले गेले, त्याच कात्रजला पेशव्यांच्या शिकारखान्याची परंपरा जाऊन पोहोचली, याचे मला विशेष वाटते. आज तिथे वाघ गजांमागे नसतो. खंदकापलीकडच्या झाडीत तो असतो. कधी दिसतो आणि कधी तासभर वाट पाहूनही दिसत नाही.

माझा प्रश्न असा आहे. सांगलीसारख्या मध्यम शहराला प्राणिसंग्रहालय हवे का? हवे असेल तर ते कोणासाठी आणि कोणत्या प्रकारचे? ज्यांना आपल्या गावातले जुने प्राणी आठवतात, त्यांनी तेही अवश्य लिहावे.

---

गावभागकर

काका, तुम्ही माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे.

आपल्या प्रतापसिंह उद्यानातले सिंह मी पाहिलेले आहेत. पाहिलेले म्हणण्यापेक्षा ऐकलेले आहेत, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. पहाटे वडील दूध आणायला निघत आणि वातावरण थंड, स्वच्छ असले की डरकाळी आमच्या माडीपर्यंत पोहोचत असे. पाहुणे दचकून उठत. आम्ही घरची माणसे कूस बदलून पुन्हा झोपत असू. गावात सिंह असणे ही आमच्यासाठी नदीला पाणी असण्याइतकी नेहमीची बाब होती. परगावच्या भावंडांना आम्ही सुटीत पहिल्यांदा गणपतीला नेत असू आणि तिथून उद्यानात. गणपतीच्या हत्तीला गूळ-खोबरे द्यायचे आणि मग सिंह पाहायचे, हा आमच्या घरचा पाहुणचारच होता.

त्या सिंहांची देखभाल करणारे एक गृहस्थ होते. खाकी सदरा, पायात टायरच्या चपला. ते पिंजऱ्याजवळ आले की सिंहीण गजांना अंग घासत असे. आम्ही मुले दगड उचलताना दिसलो तर ते ओरडत नसत. जवळ बोलावून विचारत, 'तुझ्या घरात येऊन कोणी तुला दगड मारला तर?' पुढे सिंह गेले. ते गेल्यावर मी त्या गृहस्थांना एकदा रिकाम्या पिंजऱ्यासमोरची जागा झाडताना पाहिले आणि मला त्यांच्याशी बोलण्याचा धीर झाला नाही.

प्राणिसंग्रहालय पुन्हा हवे का, याचे उत्तर मला सुचत नाही. पिंजरे लहान होते, हे आज कळते. पण त्या सिंहांमुळे गावभागातल्या दोन पिढ्यांनी जनावराकडे पाहायचे कसे हे शिकून घेतले, हेही खोटे नाही.

---

अंकलखोपची लेक

गावभागकरदादांचे वाचून गहिवरून आले. या चर्चेत मला आमच्या गावचा एक धागा जोडायचा आहे, कारण प्राणी आणि प्रेक्षक यांच्या नात्याचा एक मोठा अध्याय आपल्याच जिल्ह्यात सुरू झाला आणि प्राणिसंग्रहालयाचा विचार करताना तो वगळता येणार नाही.

भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे आमच्या अंकलखोपचे. ते कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी होते आणि अश्वविद्येत निष्णात होते. चिआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली, ती पाहून असा खेळ आपणही उभा करू शकतो, या जिद्दीने त्यांनी स्वतःची सर्कस काढली. तिचा पहिला खेळ २० मार्च १८८० रोजी झाला. त्यानंतर म्हैसाळच्या देवलांची सर्कस झाली, तासगावची झाली आणि या भागातली कितीतरी घरे सर्कशीवर जगली. माझ्या आजोबांचे एक चुलते तंबूबरोबर रंगूनपर्यंत जाऊन आले होते. वाघाच्या नखाचा ओरखडा दंडावर मिरवत ते म्हातारे झाले.

१९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह या प्राण्यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आमच्या घरात त्या दिवसांत चूल पेटली नाही, असे मी म्हणणार नाही, पण गप्पा बंद झाल्या होत्या. आजोबा म्हणाले, 'ज्याचे अन्न खाल्ले त्याला सोडून द्यायची वेळ आली, तर रडू नये, चांगल्या घरी गेला म्हणावे.' सर्कशीतल्या सिंह-वाघांना पुढे सरकारी बचाव केंद्रांत ठेवण्यात आले.

आपल्या भागातली माणसे प्राण्यांवर प्रेम करीत आली आहेत, पण ते प्रेम बहुतेक वेळा प्राण्याला आपल्याजवळ आणून केलेले आहे. कोल्हापूरला साठमारीचे मैदान आजही आहे, तिथे हत्तींच्या झुंजी होत. काळविटांच्या शिकारीसाठी कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळलेले असत आणि देशातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर ते आफ्रिकेतून मागवले गेले. शिकारखाना, साठमारी, सर्कस, पिंजरा हे सगळे एकाच प्रेमाचे प्रकार आहेत, असे मला वाटते. नव्या प्राणिसंग्रहालयाची मागणी करताना हे प्रेम आता कोणत्या रीतीने करायचे, एवढे तरी आपण ठरवायला हवे.

---

निवृत्त मास्तर, विश्रामबाग

कृष्णाकाठ यांनी विषय चांगला मांडला आहे. चर्चा भावनेच्या बाजूने पुढे गेली आहे, म्हणून मी व्यवहाराची बाजू मांडतो.

आजच्या घडीला कोणतीही नगरपालिका मनात आले म्हणून प्राणिसंग्रहालय काढू शकत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यात १९९१ मध्ये दुरुस्ती झाली आणि १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हापासून या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. मान्यतेच्या नियमांत प्रत्येक प्राण्याला किती जागा हवी, पशुवैद्य कोण हवा, आजारी प्राण्याला वेगळे ठेवण्याची सोय कशी हवी, हे सगळे लिहिलेले आहे. सिंहाच्या किंवा वाघाच्या एका जोडीला मोकळे आवार किमान १००० चौरस मीटर, म्हणजे साधारण दहा गुंठे, असावे लागते. रात्रीच्या खोल्या त्याशिवाय वेगळ्या. मला आठवणारे सगळे जुने पिंजरे एकत्र केले तरी दहा गुंठे भरणार नाहीत. हत्ती प्राणिसंग्रहालयांत ठेवूच नयेत, असा आदेश तर प्राधिकरणाने २००९ मध्येच काढला होता. ज्या लहान शहरांची प्राणिसंग्रहालये बंद झाली, ती द्वेषाने बंद झालेली नाहीत. या कसोट्यांना ती उतरू शकली नाहीत.

दुसरा मुद्दा रोगराईचा. जुलै २०२५ मध्ये कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात लाळ्या खुरकताने पंधराहून अधिक चितळ दगावले. पुण्यासारख्या महापालिकेकडे पशुवैद्य, कर्मचारी आणि अनुभव असूनही हे घडले. आपल्याकडे शहराच्या वेशीपर्यंत गोठे आहेत, आठवड्याचे बाजार आहेत आणि लाळ्या खुरकत कशाला म्हणतात हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. बाहेरून येणारा चारा, माणसाच्या पायाला लागून येणारी माती, यांतून रोग आत शिरतो. कळपाने राहणारी हरणे एकदा लागण झाली की पटापट जातात.

तिसरा मुद्दा पुराचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. त्या आठवड्यात आपण माणसांना होड्यांतून काढत होतो. पिंजऱ्यातल्या जनावराला कोणत्या होडीतून काढणार? गावाच्या मधोमध, चालत जाता येईल अशी जागा म्हटली की ती बहुधा पूररेषेच्या आतच येते. पूररेषेबाहेर गेलो की ते गावापासून लांब जाते आणि मग कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या आजीला आणि नातवाला तिथे चालत जाता येत नाही.

मी सही केली नसती. हे मी आपल्याला दुखावण्यासाठी म्हणत नाही.

---

मिरजेची आई

मास्तरांचे सगळे मुद्दे मान्य करूनही मला काही म्हणायचे आहे.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला चालायला त्रास होतो आणि फार वेळ उभे राहता येत नाही. 'प्राणी पाहायचे तर जंगलात जावे' असे जे सहज म्हटले जाते, ते आमच्यासारख्यांना लागू पडत नाही. चांदोलीच्या जंगलातल्या वाटेवर त्याला नेणे मला शक्य नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही रेल्वेने पुण्याला गेलो. कात्रजला बॅटरीवर चालणारी गाडी मिळाली आणि त्या गाडीत बसून त्याने आयुष्यात पहिल्यांदा हत्ती, वाघ आणि अस्वल पाहिले. परत येताना किर्लोस्करवाडीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, 'आई, वाघाचे पाय गादीसारखे पडतात, आवाजच येत नाही.' चित्रफितीत त्याने वाघ शेकडो वेळा पाहिला होता. ही गोष्ट मात्र त्याला तिथेच कळली.

पुण्याला जाऊन येण्यात आमचे दोन दिवस आणि बराच पैसा गेला. आमच्या गल्लीत विडी कामगारांची, हमालांची मुले आहेत. त्यांना कोण नेणार? प्राणिसंग्रहालय हे ज्यांना प्रवास परवडतो त्यांच्यासाठी करमणूक असेल, पण ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ती एकमेव खिडकी असते. ती खिडकी बंदच ठेवायची असेल तर दुसरी कोणती उघडणार, हे सांगितल्याशिवाय चर्चा संपवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

---

वाळव्याचा ऊसवाला

ताई, खिडकी आमच्याकडे आहे, पण तिचा जाच आम्हालाही सोसावा लागतो.

सागरेश्वर अभयारण्य आमच्यापासून जवळ आहे. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर आणि बारमाही पाणी नाही. उघड्या-बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्यासारख्या माणसांनी आयुष्य घालवून झाडे लावली, हरणे वाढवली आणि १९८५ मध्ये ते अभयारण्य झाले. माणसांनी हातांनी उभे केलेले जंगल म्हणून ते ओळखले जाते. ते प्राणिसंग्रहालय नाही, पण सभोवती कुंपण आहे आणि आत चितळ, सांबर, काळवीट आहेत. शाळेच्या सहली येतात, देवळांच्या दर्शनाला माणसे येतात.

हरणांना जगायला मोकळीक मिळाली, म्हणजे ती वाढणारच. संख्या वाढली की आतला चारा पुरत नाही आणि कुंपणातून वाट काढून ती आमच्या शाळवात, हरभऱ्यात उतरतात. रात्री बॅटरी घेऊन राखण करणारा शेतकरी आणि सकाळी हरीण बघून टाळ्या वाजवणारी मुले, या दोघांचे हरीण एकच आहे. इथली काही चितळे चांदोलीत नेऊन सोडण्याचे काम वनखात्याने केले. वाघाला भक्ष्य वाढावे म्हणून. त्यातून आमचा भार किती हलका होईल ते पुढे दिसेल, पण जनावर एका जागेवरून उचलून त्याच्या खऱ्या जागी नेणे, हा विचार मला पटला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मिरजेच्या ताईंच्या मुलाला सागरेश्वरात वाहनातून हरणे दाखवण्याची नीट सोय व्हावी आणि त्या तिकिटाच्या पैशातला वाटा कुंपणावर आणि आमच्या पिकांच्या भरपाईवर खर्च व्हावा. नवे पिंजरे कशाला?

---

सर्पमित्र, पलूस

मी अठरा वर्षे साप पकडून सोडण्याचे काम करतो. पुण्याचे नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले. त्याबद्दल लहानपणी ऐकले तेव्हापासून मला हा नाद लागला. त्यांच्याच पुढाकाराने १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान झाले आणि पुढचे प्राणिसंग्रहालय त्याच्या आजूबाजूला वाढले. कात्रजच्या इतिहासात वाघ-सिंहांपेक्षा साप आधी आले, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. त्या सर्पोद्यानात गेल्यावर मला पहिल्यांदा कळले की घोणस, नाग, मण्यार आणि फुरसे सोडले तर आपल्या शेताघरांत दिसणाऱ्या बहुतेक सापांपासून जिवाला धोका नाही. त्यानंतर माझ्या हातून धामण मारली गेली नाही आणि माझ्या गावातही आता सहसा मारली जात नाही. एका तिकिटाने एका गावात एवढा फरक पडतो.

आता आमची अडचण सांगतो. नांगराचा फाळ लागलेला नाग, विजेच्या तारेवर आदळलेले घुबड, मांजाने पंख कापलेली घार, विहिरीत पडलेले कोल्ह्याचे पिल्लू असे प्राणी आठवड्याला एक तरी येतात. वनखात्याचे कर्मचारी आणि ओळखीचे पशुवैद्य जमेल तेवढे करतात, पण जखमी वन्यप्राण्याला महिनाभर ठेवून, बरे करून सोडायची नीट जागा जवळपास नाही. उपचारासाठी लांब न्यावे लागते आणि बरेच प्राणी वाटेतच जातात.

ऊसतोडीच्या दिवसांत शिराळ्याकडे फडात बिबट्याची पिल्ले सापडतात. पूर्वी अशी पिल्ले उचलून कुठल्या तरी पिंजऱ्यात जात आणि जन्मभर तिथेच राहत. आता तपासणी करून ती त्याच फडात, त्याच जागी संध्याकाळी ठेवली जातात आणि बहुतेक वेळा रात्रीत आई येऊन त्यांना घेऊन जाते. मी एकदा लांबून हे पाहिले आहे. पिल्लाची मान तोंडात धरून ती अंधारात गेली आणि बांधावर बसलेले आम्ही सहा जण बराच वेळ उठलो नाही.

सांगलीला काही हवे असेल तर उपचार केंद्र हवे. जे प्राणी कायमचे अधू झाले आणि सोडता येणार नाहीत, तेवढेच लोकांना पाहायला ठेवावेत. पंख गेलेली घार मुलांना दाखवली तर मांजा म्हणजे काय ते त्यांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. सर्पमित्रांचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला.

माझे मत बदलले आहे आणि ते कशामुळे बदलले, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. पेशवे पार्कात मला जे मिळाले ते मिरजेच्या ताईंच्या मुलाला मिळावे, ही माझी इच्छा कायम आहे. पण ते देण्यासाठी आफ्रिकेतला सिंह सांगलीत आणण्याची गरज नाही, हे आता पटले. आपल्या नदीत जो प्राणी आहे, त्याच्याविषयी आपल्या मुलांना काय माहीत आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि मला लाज वाटली.

भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. हा प्राणी वाघाइतक्याच कडक कायदेशीर संरक्षणाखाली आहे. तिने माणसांवर हल्ले केले आहेत, घाटावर कपडे धुणारी बाई आणि पोहणारा मुलगा यांच्या घरांत तिच्यामुळे दुःख झाले आहे आणि त्या घरांसमोर मगरीचे कौतुक करण्याचा अधिकार मला नाही. पण ती आपल्याला ठाऊक असती तर काही दुर्घटना टळल्या असत्या, असे मात्र मला वाटते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मादी काठच्या वाळूत किंवा मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते, पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात आणि या काळात ती त्या जागेची राखण करते. त्याच महिन्यांत पाणी आटते, पाण्याच्या मोटारी सरकवायला शेतकरी पात्रात उतरतो आणि सुटीतली मुले डोहावर जातात. वाळू उपसली आणि नदीकाठची मळीची जमीन खचली की तिच्या अंड्यांच्या जागा कमी होतात आणि ती माणसांच्या घाटाकडे सरकते. २०१९ च्या पुरात बेळगाव जिल्ह्यात एक मगर घराच्या छपरावर येऊन बसल्याचे चित्रण आपण सर्वांनी पाहिले. ते पाहताना आपण आश्चर्य केले, पण ती तिथे का आली, हे मुलांना समजावून सांगणारी एकही जागा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी नाही.

मैसूरचे प्राणिसंग्रहालय १८९२ साली चामराजेंद्र वडियारांनी उभे केले. तेही राजाचे होते आणि पुढे लोकांचे झाले. तिथे सामान्य माणूस एखाद्या प्राण्याचा वर्षाचा खर्च उचलून त्याला दत्तक घेऊ शकतो. आपल्या उपचार केंद्रासाठीही अशी सोय करता येईल. शाळेच्या एका वर्गाने एका घुबडाचा महिन्याचा खर्च उचलला तर त्या वर्गाला घुबडाला अशुभ मानणे कठीण जाईल.

जुने निवेदन मागे घ्यावे, असे मी कॉलनीच्या बैठकीत सांगणार आहे आणि त्याऐवजी नवा मसुदा ठेवणार आहे. पूररेषेबाहेर जखमी वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र. त्याला जोडून कृष्णेतल्या आणि सह्याद्रीतल्या प्राण्यांची माहिती देणारे दालन, ज्यात चाकाची खुर्ची शेवटपर्यंत जाईल. शहरातून आठवड्यातले निदान दोन दिवस तिकडे महापालिकेची बस. सागरेश्वरात चालता न येणाऱ्यांसाठी वाहन आणि त्या उत्पन्नातला वाटा शेतकऱ्यांकडे. मास्तर, भाषा आपण तपासून द्यावी, ही विनंती.

---

निवृत्त मास्तर, विश्रामबाग

अवश्य. मसुदा मला पाठवा. एक दुरुस्ती आताच सुचवतो. 'उपचार केंद्र' असे नुसते लिहू नका, 'वनविभागाच्या परवानगीने आणि देखरेखीखाली' हे शब्द त्यात हवेतच. वन्यप्राणी खासगीरीत्या ताब्यात ठेवणे हा गुन्हा आहे आणि सर्पमित्रांसारख्या माणसांना त्यातून त्रास होता कामा नये. यावर मी सही करीन.

---

मिरजेची आई

चाकाची खुर्ची शेवटपर्यंत जाईल, हे वाक्य मसुद्यातून कोणी काढू नये. बाकी काही मागणे नाही. दालन झाले तर माहिती सांगायला रविवारी मी येईन आणि मुलालाही घेऊन येईन. त्याला मगरीच्या अंड्यांबद्दल सांगितले आहे, तेव्हापासून तो नदीच्या बातम्या वाचतो आहे.

---

सर्पमित्र, पलूस

गेल्या पाच वर्षांत माझ्याकडे आलेल्या प्राण्यांची वही आहे. तारीख, गाव, प्राणी, जखम आणि पुढे काय झाले, एवढे लिहिलेले आहे. निवेदनाला तिच्या प्रती जोडा. केंद्र कशासाठी हवे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

---

गावभागकर

मसुद्यात आणखी एक ओळ घालता आली तर पाहा, काका. प्रतापसिंह उद्यानातल्या सिंहांची देखभाल करणाऱ्या माणसांची माहिती आणि छायाचित्रे त्या दालनात एका भिंतीवर लावावीत. आमच्याकडे एक फोटो सापडला आहे. मी आणि थोरला भाऊ पिंजऱ्यासमोर उभे आहोत, सिंह मागे पाठ करून बसला आहे आणि कडेला खाकी सदऱ्याची एक बाही आली आहे. चेहरा आलेला नाही. गल्लीतल्या जुन्या लोकांना दाखवून नाव विचारतो आहे. त्यांच्या घरच्यांचा पत्ता लागला आणि त्यांनी होकार दिला, तरच फोटो देईन.